ज्येष्ठांच्या वसाहतीत सोयींचे नियोजन कुठे फसते?

मुंबईत आयुष्यभर नोकरी केलेली आणि दादर, गिरगाव, मुलुंड किंवा डोंबिवलीच्या फ्लॅटमध्ये संसार केलेली अनेक जोडपी निवृत्तीच्या सुमारास शहराबाहेर घर पाहू लागतात. मुले परदेशी किंवा पुण्या-बंगळुरूकडे स्थिरावलेली असतात, इमारतीचा पुनर्विकास रखडलेला असतो, किंवा लिफ्ट नसलेल्या तिसऱ्या मजल्याचा जिना आता गुडघ्यांना झेपत नसतो. अशा वेळी कर्जत, नेरळ, बदलापूर, पनवेल, तळेगाव या पट्ट्यात ‘खास ज्येष्ठांसाठी’ म्हणून जाहिरात केलेले गृहप्रकल्प मनात भरतात. त्यात गैर काही नाही. कल्पना मुळात चांगली आहे आणि तिची गरज वाढतच जाणार आहे. २०११ च्या जनगणनेनुसार देशात साठीच्या पुढचे सुमारे १० कोटी ३८ लाख लोक होते. संयुक्त राष्ट्रांच्या लोकसंख्या निधीच्या २०२३ च्या अहवालाप्रमाणे २०५० पर्यंत पाच भारतीयांमागे एक जण साठीच्या पुढचा असेल.

म्हणूनच या वसाहतींमधल्या सोयींचे नियोजन कुठे आणि का फसते, हे घर घेण्याआधी समजून घेतले पाहिजे. रहिवाशांच्या तक्रारी ऐकल्या तर त्या सुट्या-सुट्या वाटतात. कुठे भोजनगृह बंद पडलेले असते, कुठे रात्री नर्स नसते, कुठे क्लबहाऊसचे बांधकाम अर्धवट असते, कुठे मेंटेनन्स चार वर्षांत दुप्पट झालेला असतो, तर कुठे तरण तलावात महिनोन्महिने कोणी उतरलेले नसते. या सगळ्या तक्रारींच्या मुळाशी बहुतेक वेळा एकच चूक असते. घर खरेदी करायला आलेला माणूस त्या दिवशी कसा आहे ते पाहून सोयी आखलेल्या असतात. तो माणूस बासष्ट-त्रेसष्ट वर्षांचा असतो, स्वतः गाडी चालवत साइटवर आलेला असतो, सॅम्पल फ्लॅटचा जिना न थांबता चढतो आणि तरण तलावाचे चित्र पाहून खूश होतो. त्या घरात तो राहणार मात्र असतो ऐंशी-पंच्याऐंशी वर्षांचा होईपर्यंत, आणि त्या पुढच्या वीस वर्षांचा विचार आराखड्यात क्वचितच दिसतो.

सगळ्यांचे वय एकदमच वाढते

नेहमीच्या सोसायटीत सगळ्या वयांची माणसे राहतात. एका मजल्यावर तान्हे बाळ असते, दुसऱ्यावर कॉलेजात जाणारी मुलगी, तिसऱ्यावर आजारी आजोबा. त्यामुळे लिफ्ट, बाग, सभागृह यांच्यावरचा भार विभागला जातो आणि तो वर्षानुवर्षे साधारण तसाच राहतो. ज्येष्ठांच्या वसाहतीचे गणित वेगळे आहे. घरांचा ताबा दोन-तीन वर्षांच्या आत दिला जातो आणि येणारे बहुतेक जण साठ ते अडुसष्टच्या दरम्यानचे असतात. पंधरा वर्षांनी तीच माणसे पंचाहत्तर ते त्र्याऐंशीची झालेली असतात, तीही सगळी एकदमच. आपल्या देशात साठी गाठलेल्या माणसाला सरासरीने आणखी सुमारे १८ वर्षांचे आयुष्य असते, म्हणजे कितीतरी जण त्याहून अधिक जगतात. आणि जोडप्यातले एक जण, बहुधा पत्नी, पुढची काही वर्षे एकटीने काढते.

या प्रवासात सोयींची गरज सरकत जाते. पहिल्या पाच-सहा वर्षांत बॅडमिंटन, सहली, पाहुण्यांसाठी खोल्या आणि गाडीसाठी जागा महत्त्वाची वाटते. पुढे रोजचा स्वयंपाक जड होतो आणि भोजनगृहाची गरज भासते. औषधे घरपोच हवी असतात, फिजिओथेरपीचे टेबल हवे असते. त्यानंतर अंघोळ घालायला येणारी मावशी, रात्रीची नर्स, चाकाची खुर्ची आणि स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाला सांभाळण्याची व्यवस्था लागते. भारतातील वृद्धत्वाच्या राष्ट्रीय दीर्घकालीन पाहणीशी संलग्न अभ्यासात साठीच्या पुढच्या लोकांमध्ये स्मृतिभ्रंशाचे प्रमाण सुमारे ७.४ टक्के आढळले आहे, आणि वयाबरोबर ते वाढत जाते. तीनशे रहिवासी असलेल्या वसाहतीत वीस-बावीस जणांना तरी हा त्रास असू शकतो, हे त्यावरून ध्यानात येते. तरीही सगळ्या इमारतींना एकच रंग, सगळ्या मजल्यांवर हुबेहूब सारखी दारे आणि बाहेर पडले की थेट हमरस्त्याला जाऊन मिळणारी वाट, अशी रचना सर्रास दिसते. आपले दार ओळखू यावे म्हणून मजल्यागणिक वेगळा रंग द्यायला आणि फिरून पुन्हा मूळ जागी आणणारी कुंपणाआतली वाट आखायला खर्च फारसा येत नाही. फक्त हा विचार आराखडा काढतानाच व्हावा लागतो.

अमेरिकेतील ॲरिझोना राज्यातली सन सिटी ही वसाहत १ जानेवारी १९६० रोजी खुली झाली आणि निवृत्तांच्या वसाहतींचा नमुना म्हणून जगभर नावाजली गेली. तिथल्या विकासकाने एक गोष्ट फार चांगली केली होती. घरे पाहायला लोक आले तेव्हा गोल्फचे मैदान, दुकाने आणि करमणूक केंद्र प्रत्यक्ष उभे होते. मोठे रुग्णालय मात्र तिथे १९७० मध्ये सुरू झाले. आपल्याकडच्या अनेक प्रकल्पांत क्रम याच धर्तीचा आहे आणि सुरुवातही तितकी चांगली नाही: करमणुकीच्या सोयी चित्रात आधी असतात, जमिनीवर शेवटी येतात, आणि आरोग्याची सोय ‘नजीकच्या रुग्णालयाशी संलग्न’ एवढ्या शब्दांवर भागवली जाते.

एकदम वाढणाऱ्या वयाचा आणखी एक परिणाम सहसा लक्षात येत नाही. सोयींची क्षमता सरासरीवर मोजली जाते, पण ज्येष्ठांचा दिवस बऱ्यापैकी ठरलेला असतो. सकाळी सहा ते आठ फिरणे आणि योग, साडेबाराला जेवण, दुपारी विश्रांती, पाच ते सात पुन्हा फिरणे आणि कट्टा. चाळीस जण मावतील असा योगकक्ष दिवसाचे चौदा तास उघडा राहील, म्हणजे तीनशे रहिवाशांना पुरेल, असा हिशेब कागदावर बरोबर दिसतो. प्रत्यक्षात सकाळी सात वाजता शंभर जण येतात आणि दुपारी दोन वाजता तिथे चिटपाखरूही नसते. लिफ्टचेही तसेच आहे. आठ माणसांच्या लिफ्टमध्ये एक चाकाची खुर्ची आली की तिच्यासोबत दोघे-तिघेच मावतात. म्हणजे रहिवाशांचे वय वाढते तशी त्याच लिफ्टची खरी क्षमता कमी होत जाते, आणि जेवणाच्या वेळी खालच्या मजल्यावर रांग लागते.

अंतर, पाऊस आणि न्हाणीघराचे दार

माहितीपत्रकात सोय ‘आहे’ की ‘नाही’ एवढेच लिहिलेले असते. घरापासून ती किती पावलांवर आहे हे लिहिलेले नसते. रस्ता ओलांडण्याचे सिग्नल आखताना साधारणतः सेकंदाला १.२ मीटर चाल गृहीत धरतात. ऐंशीच्या घरातल्या अनेकांची चाल ०.८ मीटर किंवा त्याहून कमी असते. या चालीने २५० मीटरवरचे भोजनगृह गाठायला पाच मिनिटांहून अधिक लागतात, आणि तेवढेच परतताना. त्या वाटेवर बसायला बाक असतात, पण बरेचदा ते सिमेंटचे, हात नसलेले. अशा बाकावर बसता येते. उठता येत नाही, कारण उठताना तळहात टेकायला आधार लागतो. फिरण्याच्या वाटेजवळ स्वच्छतागृह नसणे ही तर फारच मोठी उणीव आहे. मूत्राशयावरचा ताबा सैल झालेली किंवा प्रोस्टेटचा त्रास असलेली माणसे केवळ या एका कारणाने फिरायला जाणे सोडून देतात, आणि संकोचामुळे हे कारण कोणाला सांगतही नाहीत.

त्यात आपला पाऊस. कर्जत-नेरळ हा माथेरानच्या पायथ्याचा भाग आहे आणि तिथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तोही मुख्यतः जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. इमारतीपासून भोजनगृहापर्यंतची वाट उघडी असेल, तर एका हातात छत्री आणि दुसऱ्या हातात काठी घेतलेल्या माणसाने पायऱ्यांशी आल्यावर कठडा कोणत्या हाताने धरायचा? शेवाळलेल्या फरशीवर घसरून खुब्याचे हाड मोडले, तर त्यानंतर अनेकांचे हिंडणे-फिरणे पुन्हा पूर्ववत होत नाही. वरून छप्पर असलेली, खडबडीत फरशीची आणि दोन्ही बाजूंना कठडा असलेली वाट ही कर्जतमधल्या वसाहतीत तरण तलावापेक्षा कितीतरी गरजेची सोय आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. मी पाहिलेल्या माहितीपत्रकांत तिचा उल्लेख फार क्वचित आढळला.

घरात शिरल्यावर सगळ्यात बारकाईने पाहण्याची जागा म्हणजे न्हाणीघर. मुंबईच्या फ्लॅटमध्ये न्हाणीघराचे दार सहसा अडीच फुटांचे किंवा त्याहून अरुंद असते, ते आत उघडते आणि पाणी बाहेर येऊ नये म्हणून खाली संगमरवराची उंच पट्टी बसवलेली असते. हीच रचना ज्येष्ठांच्या घरातही जशीच्या तशी येते. चाकाची खुर्ची त्या दारातून जेमतेम जाते किंवा जातच नाही. वॉकरचे पुढचे पाय पट्टीला अडतात. आणि आतला माणूस पडला तर त्याचे शरीरच दाराला टेकून बसते, त्यामुळे बाहेरून दार ढकलता येत नाही. यावर उपाय साधे आहेत. दार बाहेर उघडणारे किंवा सरकते असावे, कडी बाहेरून काढता येणारी असावी, पाणी अडवायला पट्टीऐवजी जमिनीला उतार द्यावा आणि कमोडशेजारी पकडदांडा भिंतीत पक्का बसवावा. हा दांडा टाइलवर नुसता चिकटवून चालत नाही. त्याने पूर्ण माणसाचे वजन पेलायचे असते, म्हणून भिंत बांधतानाच तिथे भक्कम आधार ठेवावा लागतो.

लिफ्टची लांबी हाही असाच दुर्लक्षित मुद्दा. आठ माणसांच्या नेहमीच्या लिफ्टची आतली जागा साधारण १३०० बाय ११०० मिलिमीटर असते. आडवे स्ट्रेचर त्यात मावत नाही. तेरा माणसांच्या लिफ्टची आतली एक बाजू २००० मिलिमीटरची असते, तिच्यात मावते. प्रत्येक इमारतीत अशी एक तरी लिफ्ट नसेल, तर सातव्या मजल्यावरच्या रुग्णाला खुर्चीत बसवून किंवा चादरीत उचलून खाली आणण्याची वेळ येते.

महारेराने, म्हणजे गृहप्रकल्पांवर देखरेख ठेवणाऱ्या राज्याच्या स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाने, २०२४ मध्ये ज्येष्ठांसाठीच्या गृहप्रकल्पांना किमान निकष लागू केले, ही मोठीच गोष्ट झाली. एकापेक्षा अधिक मजले असतील तर लिफ्ट हवी, दारे किमान ९०० मिलिमीटर रुंद हवीत, वाटेत पायऱ्या किंवा उंचसखलपणा नको आणि असलाच तर उतार हवा, न्हाणीघरात न घसरणारी फरशी आणि पकडदांडे हवेत, आणीबाणीत मदत बोलावण्याची सोय हवी, अशा अपेक्षा त्यात आहेत. विक्रीच्या करारातही या बाबींचा समावेश असला पाहिजे. मात्र हे निकष ज्येष्ठांसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या नव्या प्रकल्पांसाठी आहेत. त्याआधी उभ्या राहिलेल्या वसाहती तशाच आहेत. शिवाय छप्पर असलेली वाट, बाकांचे हात, भोजनगृहाचे अंतर या गोष्टी इमारतीच्या बाहेरच्या, म्हणून अजूनही बऱ्याच अंशी विकासकाच्या समजुतीवर अवलंबून आहेत.

‘२४ तास नर्स’ म्हणजे नेमके काय?

बांधकामातल्या उणिवा निदान डोळ्यांना दिसतात. सेवांमधल्या उणिवा दिसायला दोन-चार वर्षे जावी लागतात, कारण सेवा माणसांवर आणि पैशांवर चालतात. ‘२४ तास नर्स’ हे तीन शब्द घेऊ. आठवड्याचे तास १६८. एक नर्स आठवड्याला ४८ तास काम करणार, म्हणजे एका जागेसाठी साडेतीन माणसे लागतात. रजा, आजारपण आणि सणवार धरले तर चार-पाच. पाच जणींना दरमहा प्रत्येकी २५ हजार रुपये द्यायचे असे केवळ उदाहरणादाखल धरले, तर महिन्याचा खर्च सव्वा लाख होतो. वसाहतीत शंभर घरे असतील आणि सगळी खर्च उचलत असतील, तर घरटी १,२५० रुपये पडतात. पण त्यातली तीसच घरे भरलेली असतील आणि बाकीचे मालक, जे फक्त शनिवार-रविवारी येतात किंवा गुंतवणूक म्हणून घर घेऊन बसले आहेत, नर्सचा खर्च द्यायला तयार नसतील, तर तोच आकडा चार हजारांच्या पुढे जातो. मग दोन नर्स कमी केल्या जातात, आणि साहजिकच रात्रपाळी बंद पडते. विशेष म्हणजे यात कोणी उघड फसवणूक केलेली नसते. भरलेल्या घरांची संख्या किती राहील याचा अंदाजच कोणी केलेला नसतो.

भोजनगृहाचीही हीच गत. चालवायला घेणाऱ्याला रोज ठरावीक ताटे खपल्याशिवाय परवडत नाही. सुरुवातीला बहुतेक जण घरीच स्वयंपाक करतात, हवे तेव्हाच खाली जेवतात, आणि ताटे कमी पडली की कंत्राटदार निघून जातो. सात-आठ वर्षांनी, जेव्हा कोणालाच स्वयंपाक झेपत नाही, तेव्हा भोजनगृहाला कुलूप असते. घरटी महिन्याला काही किमान ताटांचे पैसे पहिल्यापासून आकारणे हा त्यावरचा चालू शकणारा मार्ग आहे. अनेकांना तो जाचक वाटतो, तरी पुढची गरज पाहता तो स्वीकारावा. आणि ताटातही वय दिसले पाहिजे. मऊ भात, कमी मीठ, मधुमेहींसाठी वेगळे पदार्थ, दात नसलेल्यांना चावता येईल अशी भाजी, संध्याकाळी सातला जेवण, या गोष्टी लग्नाच्या केटररला आपोआप सुचत नाहीत.

कामाला माणसे कुठून येणार, हाही नियोजनाचाच भाग आहे. आजूबाजूच्या गावांतून आणि पाड्यांवरून येणाऱ्या मावश्यांना रात्री आठनंतर परतायला वाहन नसते, आणि वसाहतीत त्यांना राहायला खोल्या बांधलेल्या नसतात. त्यामुळे रात्री केअरटेकर मिळत नाही. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना राज्यात एसटीचा प्रवास २०२२ पासून मोफत आहे, पण थांबा दोन किलोमीटरवर असेल तर त्या सवलतीचा उपयोग नाही.

वैद्यकीय मदतीत वेळ हेच सर्वस्व असते. मेंदूची रक्तवाहिनी गुठळीने बंद होऊन पक्षाघात झाला, तर गुठळी विरघळवण्याचे इंजेक्शन लक्षणे सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावे लागते, आणि त्याआधी सीटी स्कॅन करावा लागतो. म्हणून रुग्णालय किती किलोमीटरवर आहे यापेक्षा सीटी स्कॅनची सोय असलेले, रात्रीही सुरू असलेले रुग्णालय किती मिनिटांवर आहे, हा प्रश्न खरा. रुग्णवाहिका वसाहतीच्या आवारात उभी असते की फोन केल्यावर दुसऱ्या गावाहून येते, तिचा चालक रात्री कुठे झोपतो, हेही विचारले पाहिजे. राज्यात १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा २०१४ पासून आहे आणि तिचा मोठा आधार आहे. पण तिच्यावर पूर्ण तालुक्याचा भार असतो.

या पट्ट्यात पुराचा विचारही टाळता येत नाही. २७ जुलै २०१९ रोजी उल्हास नदीच्या पुरामुळे महालक्ष्मी एक्स्प्रेस वांगणीजवळ अडकली आणि हजाराहून अधिक प्रवाशांना बचाव पथकांनी बाहेर काढले. त्या दिवसासारखी परिस्थिती पुन्हा उद्भवली, तर ज्याला आठवड्यातून तीनदा डायलिसिस लागते किंवा जो घरी ऑक्सिजनच्या यंत्रावर आहे, त्याचे काय होणार? जनरेटर असतो, पण बहुतेक ठिकाणी त्यावर फक्त लिफ्ट, पंप आणि जिन्यातले दिवे चालतात. घरातला निदान एक प्लग जनरेटरवर असणे, आठवड्याची औषधे आणि इन्सुलिन थंड ठेवायची व्यवस्था असणे आणि येण्या-जाण्याचा रस्ता पुराच्या पातळीच्या वर असणे, या तीन गोष्टी तपासायला अर्धा दिवस पुरतो.

एक विषय माहितीपत्रकात कधीच नसतो आणि रहिवासीही तो काढत नाहीत, म्हणून इथे लिहितो. ज्येष्ठांच्या वसाहतीत मृत्यू ही नेहमीची घटना असणार आहे. दादरमध्ये रात्री घरात कोणी गेले, तर जुने फॅमिली डॉक्टर येऊन मृत्यूच्या कारणाचा दाखला देतात, शेजारी धावून येतात आणि स्मशानभूमी ठाऊक असते. दूरच्या वसाहतीत रात्री दाखला देणारा डॉक्टर कोण, मुलगा अमेरिकेहून येईपर्यंत देह कुठे ठेवायचा, शीतपेटी कुठून आणायची, शववाहिनी कोणत्या दाराने येणार, जवळच्या स्मशानभूमीत पावसाळ्यात कोरडी लाकडे मिळतात का, यातल्या एकाही प्रश्नाचे उत्तर आधी ठरलेले नसते. सत्तर-ऐंशीच्या वयात एकटी राहिलेली पत्नी त्या रात्री हे सारे कसे निभावणार? तळमजल्यावरची एक छोटी खोली, एका डॉक्टरांशी केलेला लेखी करार आणि फोन नंबरांचा एक कागद, एवढ्यावर यातले बहुतेक प्रश्न सुटतात.

पैसा आणि जबाबदारी

मेंटेनन्सबद्दल सर्वांत जास्त गैरसमज असतो. विक्री चालू असताना विकासक पुष्कळदा तोटा सोसून दर कमी ठेवतो. सोसायटीच्या हाती कारभार आला की खरा खर्च समोर येतो आणि दर एकदम वाढतो. त्यानंतरही वाढ थांबत नाही. सेवांचा खर्च म्हणजे मुख्यतः पगार, आणि तो वर्षाला आठ टक्क्यांनी वाढला तर सुमारे नऊ वर्षांत दुप्पट होतो. आज दहा हजार असलेला मेंटेनन्स अठरा वर्षांनी चाळीस हजार होईल. अनेकांचे निवृत्तिवेतन किंवा ठेवींवरचे व्याज त्या गतीने वाढणार नाही. शिवाय सोसायटीची वार्षिक उलाढाल २० लाखांच्या वर असेल आणि सभासदाचा मासिक आकार ७,५०० रुपयांच्या पुढे गेला, की १८ टक्के जीएसटीचाही प्रश्न येतो. सेवा अधिक असलेल्या वसाहतीत ही मर्यादा सहज ओलांडली जाते.

गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान ०.२५ टक्के सिंकिंग फंडात (पुढच्या मोठ्या खर्चांसाठीच्या राखीव निधीत) आणि ०.७५ टक्के दुरुस्ती निधीत जमा करायचे असतात. सुरुवातीला हे पैसे उगाच पडून आहेत असे वाटते. पण लिफ्ट, जनरेटर, सांडपाणी प्रकल्प, तलावाचे पंप या यंत्रांचे आयुष्य साधारण पंधरा-वीस वर्षांचे असते, म्हणजे ती बदलण्याचे बिल नेमके तेव्हा येते जेव्हा रहिवासी ऐंशीच्या आसपास असतात आणि त्यांचा औषधोपचारांचा खर्च सर्वाधिक असतो. त्या वयात सोसायटीची कमिटी चालवणार कोण, हाही साधा प्रश्न नाही. सभेला गणसंख्या जमत नाही, सचिवपद कोणी घेत नाही, हिशेब पाहायला दृष्टी साथ देत नाही. पगारी व्यवस्थापकाचा खर्च पहिल्या दिवसापासून धरलेला असला तरच हे निभते.

कायद्याचा आधार आहे, आणि तो नीट समजून घेतला तर उपयोगी पडतो. स्थावर संपदा कायदा २०१६ चा. महाराष्ट्रात महारेराचे काम १ मे २०१७ पासून सुरू झाले. जाहिरातीतल्या किंवा माहितीपत्रकातल्या खोट्या विधानावर विसंबून पैसे भरले आणि नुकसान झाले, तर कलम १२ खाली भरपाई मागता येते. मंजूर आराखड्यात मोठा बदल करायचा तर कलम १४ नुसार दोन तृतीयांश घरखरेदीदारांची लेखी संमती लागते, आणि ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांच्या आत बांधकामात दोष निघाला तर विकासकाने तो विनामूल्य दुरुस्त करायचा असतो. २०२४ मध्येच महारेराने सोयी कोणत्या आणि त्या कोणत्या तारखेला मिळतील हे विक्री करारात लिहिणे बंधनकारक केले. हा भाग फार महत्त्वाचा, कारण मोठे प्रकल्प टप्प्याटप्प्याने नोंदवले जातात आणि क्लबहाऊस किंवा दवाखाना बरेचदा शेवटच्या टप्प्यात टाकलेला असतो. पहिल्या टप्प्यात घर घेतलेला माणूस मग सात-आठ वर्षे वाट पाहत राहतो. महारेराच्या संकेतस्थळावर त्या टप्प्याचा नोंदणी क्रमांक टाकला की मंजूर आराखडा आणि पूर्णत्वाची तारीख दिसते.

कायद्याची पकड बांधकामावर जितकी घट्ट आहे तितकी सेवांवर नाही. भिंत वाकडी असेल तर ती मोजता येते. नर्स रात्री आली नाही हे कसे मोजणार? केंद्र सरकारने २०१९ मध्ये निवृत्तांच्या घरांसाठी नमुना मार्गदर्शक तत्त्वे काढली, त्यांत सेवांचाही विचार आहे, पण खरेदीदाराच्या हातात शेवटी त्याचा करारच असतो. म्हणून घराच्या करारासोबत सेवांचा वेगळा करार असावा, त्यावर सेवा पुरवणाऱ्या संस्थेचीही सही असावी, आणि सेवा कोणती, दिवसाचे किती तास, किती माणसांकडून, दर कोणत्या सूत्राने वाढणार, संस्था सोडून गेली तर किती दिवसांत दुसरी आणणार आणि तोवर खर्च कोणाचा, हे त्यात आकड्यांत लिहिलेले असावे. ‘सुसज्ज’, ‘जागतिक दर्जाची’, ‘नजीक’ असे शब्द करारात असतील तर ते काढून त्यांच्या जागी तास, मीटर आणि माणसे लिहून घ्यावीत.

जे आधीच अशा वसाहतीत राहतात त्यांनाही करण्यासारखे पुष्कळ आहे. सोसायटीने वर्षातून एकदा प्रत्येक घराची वयानुसार आणि गरजेनुसार नोंद करावी: किती जण एकटे राहतात, किती जणांना वॉकर लागतो, कोणाला घरी ऑक्सिजन आहे. ही यादी समोर असली की टेनिस कोर्टाचा अर्धा भाग छप्पर घालून बसण्यासाठी वापरायचा की तळमजल्यावरच्या पार्टी हॉलमध्ये फिजिओथेरपी आणि नर्सची खोली करायची, हे भांडणाविना ठरवता येते. बांधकाम बदलायचे असेल तिथे मात्र नियोजन प्राधिकरणाची परवानगी घ्यावी लागते. बाकांना हात बसवणे, न्हाणीघराची पट्टी काढणे, दाराच्या बिजागऱ्या फिरवून ते बाहेर उघडेल असे करणे, ही कामे गावातला सुतार आणि गवंडी आठवडाभरात करतात.

ज्यांनी अजून घर घेतलेले नाही त्यांनी साइट हिवाळ्यातल्या रविवारी सकाळी पाहून निर्णय करू नये. अनेक प्रकल्पांत काही दिवस पैसे भरून राहता येते. ते राहणे जुलैत करावे, मधल्या वारांना करावे, आणि सोबत घरातले सर्वांत थकलेले माणूस न्यावे. जेवणाच्या वेळी पावसातून भोजनगृहापर्यंत चालत जावे, किती घरांत दिवे लागतात ते रात्री मोजावे, जुन्या रहिवाशांकडे मागच्या तीन वर्षांची मेंटेनन्सची बिले मागावीत, आणि व्यवस्थापनाला आधी कल्पना न देता रात्री दोन वाजता मदतीची घंटा दाबून कोण येते आणि किती मिनिटांत येते, ते घड्याळ लावून पाहावे.